नावेचं नाव

मी नाव बोलतेय. कुणाचं नाव, असं लगेच विचारू नका. मराठी माणूस भेटला की हेच विचारतो आणि माझं डोकं उठतं. मी पाण्यावरची नाव आहे, होडी म्हणा हवं तर. जबलपूरला ग्वारीघाटावर, पायऱ्या संपतात तिथल्या वाळूत हल्ली पालथी पडून असते. घाटावरच्या बायका माझ्या पाठीवर धुणं वाळत घालतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे आणि ती ऐकून घेतल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म लढाईच्या दिवसांतला. तोफगाड्यांच्या कारखान्याचा भोंगा तेव्हा दिवसरात्र वाजायचा आणि पाळी संपवून आलेला माणूस जेवता जेवता झोपायचा. त्या कारखान्यातल्या मराठी मंडळींना वाटलं, रविवारी नर्मदेवर हिंडायला आपली स्वतःची होडी हवी. दोन सुतारांनी सुट्टीच्या दिवशी घाटावर येऊन मला बांधलं. मंडल्याकडचा साग, फटींत डांबर, दोन वल्ही आणि एक सुकाणू. त्यांनी मला पाण्यात ढकललं, मी तरंगले, त्यांनी बिडी पेटवली. इतकं सोपं होतं सगळं. पण मग विष्णुपंत आले.

विष्णुपंत पूर्वी साहेबांच्या मुलांना लॅटिन शिकवायचे. लॅटिन म्हणजे रोमन लोकांची जुनी भाषा. लढाई पेटली, साहेबांची मुलं विलायतेला नाहीतर पलटणीत गेली, विष्णुपंतांपुढे विद्यार्थीच उरला नाही. पोटासाठी ते कारखान्याच्या हपिसात चिकटले. दिवसभर खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायच्या आणि आतल्या आत शब्द चघळत बसायचं. ते सगळे साठलेले शब्द त्यांनी माझ्यावर ओतले. नाव चालवायची तर प्रत्येकाला रोमन पद हवं, असं त्यांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं.

"भय्यासाहेब, तुम्ही वडील. तुम्ही दुक्स. दुक्स म्हणजे सगळ्यांना पुढं घेऊन जाणारा, सेनापती."

भय्यासाहेब म्हणजे कारखान्यातले फोरमन, आवाज भोंग्याएवढा. ते खूश झाले. त्यांच्या पत्नी विभावरीबाई मात्र डबे उघडता उघडता थांबल्या.

"काहून हो भाऊजी, ह्यांना दुःख काहून म्हणून राहिले?"

"दुःख नाही वहिनी, दुक्स."

"तेच ते. मी रोज भोगूनच राहिली आहे."

अंबादास रेल्वेत गार्ड होते. त्यांना प्रोरेता हे पद मिळालं, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर बसून खडक बघणारा. ते भडकले. "पोरटा? विष्णुपंत, माझे केस पिकून राहिले अन् तुम्ही मला पोरटा म्हणता?" स्टोअरमधल्या एका गृहस्थांना रेक्तोर केलं, म्हणजे सरळ नेणारा. त्या गृहस्थांना सायकलसुद्धा सरळ नेता येत नसे. सुकाणू धरणाऱ्याला लॅटिनमध्ये गुबर्नातोर म्हणतात आणि इंग्रजीतला गव्हर्नर त्याच शब्दातून निघाला, हे ऐकल्यावर भय्यासाहेब मोठ्यानं म्हणाले, "अच्छा! म्हणजे आपले लाटसाहेब होडीवालेच की!" आणि लगेच कुणी गोरा जवळपास नाही ना, हे त्यांनी मान वळवून पाहिलं.

मग प्रश्न आला वल्ह्यांचा. वल्हं मारणाऱ्याला रेमेक्स म्हणतात, असं विष्णुपंतांनी सांगितलं. "हे तर खोकल्याचं औषध वाटून राहिलं," अंबादास म्हणाले. रेमेक्स व्हायला कुणी तयार होईना. घाटावरच्या मल्लाहाला बोलवावं, तर भय्यासाहेबांचा बाणा आडवा आला: आपली नाव, आपणच चालवणार. पुढारी सगळे आणि वल्हं मारायला कुणी नाही, अशी माझी अवस्था. तुम्हीच सांगा, लाकूड झालं म्हणून किती सोसायचं?

त्यातून माझी सुटका करायची ती हेमलता. विष्णुपंतांची एकुलती मुलगी. वर्षानुवर्षं वडिलांबरोबर घाटावर येऊन ती मल्लाहांचे हात न्याहाळायची आणि त्यातूनच शिकली. मंडळी पोहे खात पदांवरून वाद घालत बसली की ती हळूच सुकाणूपाशी जायची, भय्यासाहेबांच्या पुतण्यांना दटावून वल्ह्यांवर बसवायची आणि मला पैलतीरी नेऊन आणायची. तिचा हात सुकाणूवर पडला की पाणी कुठून येतंय आणि मला कुठं जायचंय ते मला आपोआप कळायचं. मला ती आवडायची. साधी गोष्ट आहे, लपवायची कशाला?

एकदा तिनं विचारलं, "बाबा, सगळ्यांना पदं दिली. मग मी कोण?"

"तुझ्यासाठी शब्द नाही गं त्यात," विष्णुपंत चष्मा पुसत म्हणाले. "रोमन जहाजावर बायका सुकाणू धरत नसत."

"मग मी आत्ता हे काय धरून राहिली आहे?"

विष्णुपंतांनी चष्मा पुन्हा पुसला. मी जोरात हेलकावा घेतला आणि त्यांच्या पोह्यांत पाणी उडवलं.

आता माझ्या नावाची हकिकत. मला भारदस्त लॅटिन नाव द्यायचं, यावर रविवारच्या या मंडळाचं एकमत होतं. कुठलं द्यायचं, यावर नव्हतं. शेवटी विष्णुपंतांनी बाजारातल्या बड्या फुहाऱ्याजवळच्या छोटेलाल पेंटरला घाटावर आणलं. तेवढ्यात त्यांची पाळीची वेळ झाली आणि नाव काही ठरलेलं नव्हतं. निदान जागा तरी आखून घ्यावी, म्हणून ते सायकलवर बसता बसता म्हणाले, "इस पर नाव लिखना है, भैया। बड़े अक्षर में!"

"नाव?" छोटेलालनं विचारलं.

"हाँ हाँ, नाव! नाव!" विष्णुपंत गेले.

घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या माणसाची जीभ घाईत घसरते ती अशी. हिंदीत नाव म्हणजे होडी. त्यांना म्हणायचं होतं नाम. छोटेलालनं डोकं खाजवलं आणि माझ्या कुशीवर ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं: नाव. संध्याकाळी विष्णुपंत आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. छोटेलाल म्हणाला, "बाबूजी, आप ही ने तो कहा। हमने सोचा, मराठी लोग हैं, लिखवाते होंगे।"

सगळा घाट हसला. गाढवावर गाढव लिहावं तसं माझं झालं. नाव ठेवायला निघालेल्या मंडळींमुळे मला जगानं नावं ठेवली. पुसून टाकू, असं सगळे म्हणाले. पण त्यासाठी नवं नाव ठरायला हवं होतं आणि ते ठरलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

पुढच्या वर्षी हेमलताचं लग्न ठरलं. मुलगा शशिकांत, खमरियाच्या कारखान्यात कामाला, अबोल आणि सरळ. त्याच्या आई प्रमोदिनीबाई मात्र स्पष्ट बोलणाऱ्या. मुलगी होडी चालवते हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांनी विष्णुपंतांना बजावलं, "लग्नाआधी जे झालं ते झालं. आमची सून काही नावाडी नाही. पुन्हा तिनं सुकाणूला हात लावायचा नाही." विष्णुपंतांनी मान हलवली. सगळ्या पदांच्या व्याख्या तोंडपाठ असलेला माणूस 'बरं' म्हणून मोकळा झाला. मला इतका राग आला होता की बांधलेला दोर तोडावा आणि निघून जावं.

वैशाखात लग्न लागलं. तांदळाच्या ताटात शशिकांतनं अंगठीनं नवं नाव लिहिलं. प्रमोदिनीबाईंनीच ते निवडलं होतं: पद्मजा. हेमलता हे नाव त्या तांदळाबरोबर सारखं करून टाकलं.

मग नर्मदेची ओटी भरायला दोन्ही घरची माणसं घाटावर आली. ओटी मधल्या धारेत सोडायची, असा प्रमोदिनीबाईंचा नवस. आत येताना हेमलतानं सुकाणूला बोटं टेकवून नमस्कार केला. हा निरोप आहे, हे मला कळलं आणि फार वाईट वाटलं. मी रडलेही असते. पण नावेत पाणी दिसलं की लोक डांबर आणायला धावतात.

"पद्मजा, इथं माझ्याजवळ बस. हात मांडीवर," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी सगळे पुढारी हजर होते. सुकाणूवर खुद्द विष्णुपंत, टोकावर अंबादास, मध्ये उभे भय्यासाहेब. पुतणे नव्हते, त्यामुळे वल्ही तळाशी आडवी पडलेली. भय्यासाहेबांनी बांबूनं मला रेटलं आणि गर्जना केली, "चलो!" धारेनं मला मध्यावर नेलं. ओटी सोडून झाली. आणि उन्हाळ्यातला दुपारचा तो अवचित वारा उठला.

मी वाहवत निघाले, खाली तिलवाऱ्याच्या घाटाच्या बाजूला, जिथं उन्हाळ्यात खडक उघडे पडतात. अंबादास स्टेशन आल्यासारखे ओरडले, "खडक! खडक!" भय्यासाहेब म्हणाले, "डावीकडे घ्या!" रेक्तोर म्हणाले, "उजवीकडे!" विष्णुपंत जीव खाऊन सुकाणू फिरवत होते. अहो, वल्ह्याची ओढ नसेल तर नुसतं सुकाणू फिरवून नाव वळत नाही, हे मी त्यांना कोणत्या भाषेत सांगणार होते?

विभावरीबाई खडकांकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, पुरुषांचा नेहमीचा गोंधळ आहे. त्या टाळ्या वाजवत म्हणाल्या, "चला, नव्या नवरीनं नाव घ्यायचं! उखाणा झालाच पाहिजे. नाव घे, पद्मजा, नाव घे!"

हेमलतानं एकदा खडकांकडे पाहिलं. "घेते," ती म्हणाली आणि उठली.

"खाली बस!" प्रमोदिनीबाईंनी पदर धरला. तो तिनं हळूच सोडवला. वडिलांच्या हातावर हात ठेवून तिनं सुकाणू घेतलं, पाय रोवले आणि नवऱ्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली,

"नर्मदेच्या धारेत भोवरे फार,
शशिकांतराव, वल्हं मारा, मी नेते पार!"

शशिकांतनं नवा कोरा कोट काढून आईच्या मांडीवर ठेवला आणि वल्हं उचललं. भय्यासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, खाली बसले आणि दुसरं वल्हं घेतलं. "दोघं मिळून, आता!" हेमलता म्हणाली. दोन्ही वल्ही पडली, सुकाणूला पाणी लागलं आणि मी वळले. एका खडकानं डावी कूस खरवडलीच. तो ओरखडा अजून आहे. पण आम्ही निसटलो.

तेव्हा विष्णुपंत उभे राहिले.

"आहे. शब्द आहे, बेटा. गुबर्नात्रिक्स. सुकाणू धरणारी. ते लोक दैवाला म्हणायचे तसं, वक्तृत्वाला म्हणायचे. बाईला म्हटलेलं मी कुठं वाचलं नव्हतं, म्हणून तुला नाही म्हणालो. माझं चुकलं."

"बाबा, शब्द नंतर," ती म्हणाली. "आधी खाली बसा. नाव कलून राहिली."

काठावर उतरल्यावर प्रमोदिनीबाईंनी नर्मदेला नमस्कार केला आणि घोटभर पाणी प्यायल्या. "उखाणा जमला," त्या म्हणाल्या. "पण नवऱ्याला हुकूम सोडतात का कुणी नाव घेताना?" एवढंच. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. "पद्मजा, मला पलीकडच्या देवळात ने. अन् शशी, तू वल्हं घे." त्यानंतर लढाई संपेपर्यंत सुकाणू तिचंच होतं. नाव मात्र पद्मजाच राहिलं; सासर तीच हाक मारायचं आणि हळूहळू माहेरही.

लढाई संपली. भोंगे कमी झाले, माणसं कमी केली, शशिकांतची बदली पुण्याकडच्या कारखान्यात झाली. जायच्या आदल्या दिवशी ती दोघं मला पैलतीरी नेऊन आली. उतरताना तिनं सुकाणूची मूठ पदरानं पुसली.

काही दिवसांनी विष्णुपंत एकटेच आले, हातात निळ्या रंगाचा डबा आणि कुंचला. मला वाटलं, आता शेवटी ते लॅटिन नाव येणार, सहा अक्षरी, घाटावर कुणाला न वाचता येणारं! त्यांनी माझ्यासमोर वाळूत डबा उघडला. मग गुडघ्यांवर आले आणि छोटेलालच्या त्या 'नाव'पुढं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्यांनी एकच शब्द लिहिला. डबा मिटला, डोळे पुसले आणि पायऱ्या चढून गेले. पुन्हा ते आले नाहीत.

मंडळ मोडलं. आता देश स्वतंत्र होणार म्हणतात. परवाच काही नवी मंडळी आली होती. मला दुरुस्त करायचं म्हणत होती. एक म्हणाला मी अध्यक्ष, एक म्हणाला मी कर्णधार, एक म्हणाला मी मार्गदर्शक. मी वैतागून डोळे मिटले. बाबांनो, वाटेल ती पदं घ्या. फक्त मला पाण्यात ढकलण्याआधी वल्हं कोण मारणार ते ठरवा. आणि रंग द्यायचा तर सगळीकडे द्या, पण उजव्या कुशीवरची ती अक्षरं सोडून.

घाटावर येणारा हिंदी बोलणारा जबलपूरकर मान वाकडी करून ती वाचतो, 'नाव हेमलता', आणि होडीचं नाव समजून पुढं जातो. मराठी माणूस मात्र वाचतो आणि थांबतो.

मी नाव बोलत होते. आता विचारा, कुणाचं.