बाईसाहेब अंड्यांवर बसल्या

माझे सासरे निवृत्त झाले आणि घरातल्या कपबशांचे वाईट दिवस सुरू झाले. अप्पांनी उभं आयुष्य बंदरावर क्रेन चालवली. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून खोलीएवढे लोखंडी कंटेनर जहाजातून उचलायचे आणि खाली असे अलगद टेकवायचे की आवाज होऊ नये, अशी त्यांची ख्याती होती. पण चहाचा कप हातात आला की त्याचा कान गेलाच म्हणून समजा. सासूबाई त्यांना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नसत. काही करायला उठले की लगेच, "राहू द्या, मी बघते." हे इतक्यांदा ऐकलं की अप्पांनी उठणंच सोडलं. मागच्या अंगणात खुर्ची टाकून दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. माझा नवरा जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि त्यातला एक माणूस हळूहळू अबोल होत चाललेला.

त्याच सुमारास बदकीण आली. कोपऱ्यावरचा टायरवाला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. तिथे बदक कुठे ठेवणार? तो तिला एका खोक्यात घालून आमच्या दारात ठेवून गेला. पांढरीशुभ्र, अंगाने भरलेली, आणि चालण्यात असा तोरा की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिला बाईसाहेब म्हणायला सुरुवात केली. रोज सकाळी ती एक अंडं घालायची आणि सासूबाई ते बिनतक्रार उचलून आणायच्या.

मग आठ-दहा दिवस अंडंच मिळेना, आणि एके दिवशी बाईसाहेबही बाहेर आल्या नाहीत. शोधलं तर मागच्या पडवीत अप्पांच्या जुन्या लाकडी पेटीत सापडल्या. पेटीत अप्पांचं कामावरचं जाड जॅकेट होतं. त्यावर स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून, आमच्या नकळत साठवलेल्या अंड्यांवर त्या पसरून बसल्या होत्या. मी हात पुढे केला तशा सापासारख्या फुसफुसल्या.

"खुडूक झाली," सासूबाई म्हणाल्या. पिल्लं काढायचं एकदा डोक्यात घेतलं की ती आता दाण्यापाण्यावाचून झिजेल, पण उठायची नाही. आणि नर नसताना त्या अंड्यांतून निघणार काय, कप्पाळ? त्यांचं म्हणणं, अंडी काढून घ्यावीत, पेटी उचलून ठेवावी, चार दिवसांत येईल ताळ्यावर.

अप्पा पेटीपाशी उकिडवे बसले होते. बराच वेळ त्यांनी बदकिणीकडे बघितलं. मग म्हणाले, "तिला उठवायचं नाही. तिच्याखालची अंडी बदलायची."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी घरातला एखादा निर्णय घेतला होता. सासूबाई पेटीपासून मागे सरल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा बस पकडून शहराबाहेरच्या तळ्यावर गेले. तिथे एक जण बदकं पाळतो. त्याच्याकडून आठ अंडी घेतली, ती लोकरीच्या टोपीत गुंडाळून डब्यात ठेवली, आणि येताना डबा मांडीवरही न टेकवता दोन्ही हातांत अधांतरी धरून आणला, खड्ड्यांचे धक्के कोपरांनी सोसावेत म्हणून. ड्रायव्हरला ब्रेक कसा दाबावा यावर व्याख्यान दिलं ते वेगळंच.

तिन्हीसांजेला आम्ही पडवीत गेलो. मी टॉर्च धरला. अप्पांनी आपला तो भलामोठा पंजा बदकिणीच्या पोटाखाली सरकवला. तिने मनगटाला कडकडून चावा घेतला, मुरगळला, सोडला आणि पुन्हा घेतला. हात हलला नाही. एक जुनं अंडं बाहेर, एक नवं आत, असं शेवटपर्यंत चाललं. एकही अंडं दुसऱ्यावर आपटलं नाही. बंदरावरची माणसं लग्नाकार्यात भेटली की अप्पांच्या हाताविषयी काय-काय सांगायची. मला ते नेहमी फुगवून सांगितलेलं वाटायचं. त्या संध्याकाळी मी तो हात डोळ्यांनी पाहिला.

मग अप्पांना दिवस पुरेना. बदकीण आपण होऊन उठेना, म्हणून ते रोज सकाळी तिला उचलून अंगणात आणायचे, पुढ्यात दाणे ठेवायचे, टबात डुंबू द्यायचे. ती ओल्या पिसांनी परत जाऊन बसली की अंड्यांना ओल मिळते, हे त्यांना तळ्यावरच्या माणसाने सांगितलं होतं. रोज चावे, रोज हळद. आठवडाभराने त्यांनी पुठ्ठ्याची नळी टॉर्चला लावली आणि मला बोलावलं. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. "सूनबाई, हे तुझं खातं," म्हणाले. अंधारात अंड्यामागे उजेड धरला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, आणि मध्ये टिकलीएवढा ठिपका फडफडतोय. रोज माणसांची हाडं बघणारी मी, पण त्या ठिपक्यावरून नजर हलेना. सात अंड्यांत जीव होता. आठवं कोरं निघालं, ते काढून टाकलं.

अर्धी मुदत उलटून गेल्यावर ती घटना घडली. सकाळी बदकीण टबात असताना फाटकातून एक मोकाट कुत्रा आत घुसला. बदकीण फडफडत कुंपणावरून गेली आणि दिसेनाशी झाली. अप्पा अनवाणीच तिच्यामागे धावले. मी पडवीत गेले. पेटीत अंडी उघडी पडलेली, बोटाला गार लागायला लागलेली. काय करावं सुचेना. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. मला बाजूला सारलं, सातही अंडी पदरात घेतली, खुर्चीत बसून ती पोटाशी धरली आणि वरून शाल ओढली. मला शेकायच्या पिशवीत पाणी भरून आणायला सांगितलं, कोमट, कडकडीत नव्हे.

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. फोन वाजून वाजून थांबला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. थोडा वेळ मी धरते म्हटलं तर म्हणाल्या, "हात लावू नकोस. आत्ता ऊब धरलीय."

अप्पांना बदकीण टायरच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या ट्रकखाली सापडली. चाकाआड अंग चोरून बसली होती, बोलावून येईना. तेव्हा त्या वयाला अप्पा भर रस्त्यात पोटावर आडवे झाले आणि सरपटत आत गेले. परत आले तेव्हा सदरा ग्रीसने माखलेला, कोपरं सोललेली, आणि बाईसाहेब काखेत. पडवीत आले आणि बायकोला बघून दारातच थबकले. मग सासूबाई म्हणाल्या, "बघत काय बसलात? घ्या एकेक."

अंडी परत पेटीत गेली, बदकीण त्यावर बसली. संध्याकाळी आम्ही तिघांनी टॉर्च लावून बघितलं. सहा हलत होती. सातवं निश्चल. अप्पा उजेड तसाच धरून राहिले. बऱ्याच वेळाने आत काहीतरी अंग वळवल्यासारखं सरकलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि धूर गेला म्हणाल्या. पडवीत धूर कुठून येणार? पण आम्ही मान डोलावली.

चौथा आठवडा संपता संपता कवचांच्या आतून टकटक ऐकू यायला लागली. बदकीणही हलक्या घोगऱ्या आवाजात उत्तर द्यायची. दुसऱ्या दिवसअखेर सहा पिल्लं तिच्या पंखाखालून पिवळी तोंडं बाहेर काढत होती. सातव्याने कवचाला भोक पाडलं आणि तिथेच अडकलं. चोच दिसायची, उघडायची, मिटायची.

"अहो, सोडवा ना त्याला," सासूबाई काकुळतीला आल्या.

अप्पांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. "आतल्या शिरांत अजून रक्त आहे. आत्ता ओढलं तर ते जाईल. दोर ताणलेला असताना हात घालायचा नसतो. ढिला पडू दे."

तो ढिला पडेपर्यंत ते पेटीपाशीच बसून राहिले, जेवलेही तिथेच. मग कोमट पाण्याचा बोळा करून सुकलेल्या पापुद्र्यावर टेकवत गेले, नखाच्या टोकाने कवचाची एक टिकली काढली, थांबले, दुसरी काढली. शेवटचा हिसका पिल्लाने स्वतः दिला. ओलं, दमलेलं, ते अप्पांच्या तळहातावर पडलं. त्यांनी ते आईखाली सरकवलं आणि आमच्याकडे वळून बघितलं. साठी उलटलेल्या माणसाचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा झाला होता.

पुढे पिल्लांचं कौतुक काय वर्णावं! गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकू नयेत म्हणून अप्पांनी पडवीभर गोणपाट अंथरलं. परातीत पाणी, पाण्यात चढउतारासाठी दगड. सासूबाई पालेभाजी इतकी बारीक चिरायच्या की तशी आम्हाला जन्मात मिळाली नाही.

पिल्लांच्या अंगात बळ आल्यावर एका रविवारी अप्पांनी वरात काढली. गल्लीच्या टोकाला बागेत तळं आहे, तिथे जायचं. पुढे बाईसाहेब, मागे सात पिल्लं रांगेत, आणि मोठा रस्ता आडवा. अप्पा मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले, बंदरावर क्रेन थांबवायला खालचा माणूस करतो तसे. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. एका बसच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. स्कूटरवरच्या बाईंनी विचारलं, कोणाची हो ही? अप्पांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "आमची आहेत. ह्यांनी काढलीत."

तळ्याच्या काठाशी बदकीण थांबली नाही, सरळ पाण्यात उतरली. मागोमाग एकेक पिल्लू टुपकन पडलं आणि बुचासारखं तरंगायला लागलं. सातवंही.

या गोष्टीचा गवगवा झाला. परवा बेकरीवाल्या बाई धापा टाकत आल्या. त्यांच्याकडची बदकीण खुडूक झाली होती, कोणाला जवळ येऊ देत नव्हती, अप्पांना पाठवता का? अप्पा पिल्लांना घेऊन बागेत गेले होते. सासूबाईंनी तसं सांगितलं, मग क्षणभर विचार केला, गॅस बंद केला, खुंटीवरची शाल खांद्यावर टाकली आणि मला म्हणाल्या, "हे आले की जेवायला वाढ. टॉर्च कुठे ठेवलाय ग?"