गेटपासून बघणारं माणूस

"आता वळ," तो म्हणाला.

गेटपाशी रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली लेक वळली. तिची नजर अंगणातल्या प्लास्टिकच्या हिरवळीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरली, कुठेही न अडखळता.

"नाही दिसत, बाबा."

त्याने गुडघे झटकले. कोणीतरी चुलीवरून उतरवलेलं भांडं तसंच गवतावर टेकवलं होतं आणि ताटाएवढा गोल वितळून काळा पडला होता. तेवढा भाग कापून काढायचा, त्याच अंगणाच्या आडोशाच्या कडेचा तुकडा तिथे चिकटवायचा आणि नवा कोरा तुकडा आडोशाला लावून टाकायचा. उन्हाने विटलेल्या गवतात नवं गवत लपत नाही. शिवाय पाती सगळी एका बाजूला झुकलेली असतात. तुकडा उलटा बसला तर त्याचा रंगच वेगळा दिसतो.

हे सगळं त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मोहल्ल्यात त्याला गवतवाला म्हणत, आणि सकाळी पाणी घातलं का म्हणून विचारत. बायको म्हणायची, तुमच्या गवताला म्हैससुद्धा तोंड लावायची नाही. पण काम दोघं मिळून करायची. तो तुकडा बसवेपर्यंत ती गेटपाशी पाठ करून उभी राहायची, मग वळायची आणि शोधायची. सापडला तर बोट दाखवायची आणि तो मुकाट्याने पुन्हा उखडायचा. ज्याने तुकडा लावला त्याला तो दिसणारच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपलं मुसळ दिसत नाही म्हणतात, त्याचं उलटं होतं. आपलं कुसळही त्याला मुसळाएवढं दिसायचं. खरं काय ते बायकोच सांगायची.

ती गेली आणि तिच्या जागी लेक उभी राहू लागली. औषधांच्या दुकानातली नोकरी सांभाळून ती बापाबरोबर यायची.

घरमालकीण बाहेर आली. पायरीवरच थांबली.

"काका, हा बघा ना, गोल दिसतोय," ती म्हणाली. मग संकोचून म्हणाली की वरच्या खिडकीतून तर जास्तच दिसतोय, तिला वाटलं काम अजून चालू आहे. आवाजात राग नव्हता. ज्याने त्याला कामावर पाठवलं त्या गवताच्या दुकानदाराला मात्र कळवावं लागेल, असं ती म्हणाली.

दुकानदाराने मागच्या आठवड्यातच बजावलं होतं. तुमच्या कामाच्या फार तक्रारी येतायत, आणखी एक आली तर मी दुसरा माणूस बघेन. या वयात दुसरं काम त्याला कोण देणार होतं? आणि कोणी दिलं असतं तरी त्याला हेच येत होतं. त्याने मालकिणीकडून संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला. ती आत गेली.

त्याने तळहात तुकड्यावरून फिरवला. पाती उलटी झुकलेली होती. हल्ली तुकडा हातात घेतला की मन कुठेतरी जायचं, आणि परत येईपर्यंत तो कसा धरला होता तेच विसरायला व्हायचं.

"तुला दिसलं होतं?" त्याने विचारलं.

लेक पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"पहिल्या कामापासून दिसतंय, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"आई गेल्यावर तुम्ही धड जेवत नव्हता. त्या पहिल्या दिवशी मी नाही दिसत म्हटलं आणि तुम्ही घरी येऊन पोटभर जेवलात." ती थांबली. "मग मी तेच म्हणत गेले."

त्याला रागवायचं होतं, पण राग कुणावर काढायचा ते कळेना. मायेनेच त्याच्या पोटावर पाय आणला होता. तिच्या जागी तो असता तर तोही तेच बोलला असता.

"जा, उभी राहा," तो म्हणाला. "या वेळी खरं सांग."

"खरंच सांगेन."

त्याने तुकड्याची कड उचलली. गोंदाने घट्ट धरलं होतं. जोर लावला तसा तुकडा आला, पण बाजूचं चांगलं गवतही फाटून आलं. भोक आता परातीएवढं झालं. आडोशाला उरलेल्या पट्टीतून त्याने मोठा तुकडा कापला. पाती कुठल्या बाजूला झुकलीत ते एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहताना दुसऱ्यांदा काय पाहिलं ते आठवेना. तरी बसवला. कडा दाबल्या. ब्रशने पाती उभी केली. आता आडोशालाही कापायला काही उरलं नव्हतं.

मागे सरून त्याने पाहिलं. तुकडा दिसत होता. पण त्याला तो नेहमीच दिसायचा. बायको होती तेव्हाही दिसायचा, आणि ती गेटपासून म्हणायची, आता चला घरी.

ऊन भिंतीवर चढलं. लेक गेटपाशी पाठ करून उभी होती.

"वळू का, बाबा?"

"थांब."

त्याने सुरीचं पातं पुसलं, गोंदाच्या डब्याचं झाकण बसवलं, ब्रशमधली तुटकी पाती एकेक करून काढली. सगळं पिशवीत भरलं. मग पिशवी पुन्हा उघडली आणि सुरी पुन्हा पुसायला घेतली.

"बाबा?"

"थांब जरा," तो म्हणाला.

ती रस्त्याकडे बघत उभी राहिली.