भांडेवाल्याच्या पोत्यात ज्योतीचा मोबाईल

पुनम घरात शिरली तर ओट्यावर नवंकोरं स्टीलचं पातेलं! तिची आई इंदिराबाई त्याला टिचक्या मारून मारून आवाज ऐकत होती. चेहरा असा खुललेला की विचारू नका.

"कुठून आणलं व माय?"

"भांडेवाला आल्ता. तो फुटका मोबाईल देला त्याले."

"कोणता? ज्योतीताईचा?"

"आता कायचा ज्योतीचा? ती तं नवा घेऊन गेली धुळ्याले. याची स्क्रीन काळी पडेल होती. त्याचं काय लोणचं घालू?"

त्या मोबाईलमध्ये ज्योतीच्या पाठीचे फोटो होते. ज्योतीच्या पाठीवर कोडाचे डाग उठले होते. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, दर महिन्याला फोटो काढून पाठव, डाग वाढतात की थांबतात ते कळेल. फोटो पुनमच काढायची, आतल्या खोलीची कडी लावून. घरात आणखी कोणाला पत्ता नव्हता. आणि रविवारी ज्योतीला बघायला पाहुणे येणार होते.

वर मोबाईलला लॉकसुद्धा नव्हतं. ज्योती धुळ्याला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा तो दोघींच्या बापाकडे, चुडामण आबांकडे आला. आबा केळीच्या कापणीवर. चीक लागून बोटं अशी झालेली की मोबाईल त्यांचं बोटच ओळखेना. व्यापाऱ्याला फोन लावायचा तर दर वेळी खोळंबा. एक दिवस चिडून आबांनी शेजारच्या कुंदनकडून लॉकच काढून घेतलं. "आपल्या मोबाईलमधी काय सोनं ठेवेल शे?" म्हणे! फोटो उडवू, उडवू म्हणता म्हणता स्क्रीन फुटली, ते राहूनच गेलं. आता कोणी नवी स्क्रीन बसवली की मोबाईल सताड उघडा.

"तुला विचारता येत नाही का आधी?" पुनम ओरडली.

"अगं पण झालं काय?"

काय सांगणार? तिने आबांची मोटारसायकल काढली आणि निघाली. दहावीत शाळा सोडली तेव्हा सगळे म्हणायचे, ही पोरगी एका जागी बसत नाही. आज बरंच झालं!

दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, मधून रस्ता. पुढच्या गावाच्या फाट्यावर आली तर भोंगा ऐकू आला, "जुने मोबाईल, बंद मोबाईल द्या, भांडे घ्या!" निंबाखाली गाडी उभी करून भांडेवाला पाणी पीत होता. धुळ्याकडचा, नवल नावाचा.

"भाऊ, आमचा मोबाईल परत दे."

"माल गया म्हंजे गया, ताई. पातेलं आनेल शे का?"

पातेलं कुठलं आणणार? घाईत चप्पलसुद्धा आईची घातलेली. तिने सरळ पोत्यात हात घातला.

"ओ ताई! बठ्ठा मोबाईल सारखाज दिखतस, तुले कसा सापडी?"

पण पुनमची नजर घारीची. एका मोबाईलच्या कडेला केळीच्या चिकाचा काळपट डाग होता, घासूनही न गेलेला. तिने तोच उचलला. मेमरी कार्डाची खाच ओढणीच्या पिनेने उघडली, बारकं कार्ड मुठीत घेतलं.

"असं काय शे त्यामा?" नवल हसत म्हणाला.

"तुझ्या बायकोचे फोटो माझ्या पोत्यात असते तर हसला असतास का रे?"

नवलचं हसू गेलं. मग डिकीतून पॉवर बँक काढून तिच्याकडे सरकवली. "लाय चार्जिंगले. मी त्यामा काही देखेल नही."

तिने ज्योतीला फोन लावून सगळं सांगितलं.

"ताई, दे शिव्या मला."

"मोबाईल हातात आहे ना तुझ्या?"

"हातातच आहे."

"मग शिव्या नंतर. चालू कर आणि तुझा हॉटस्पॉट लाव. तुझ्या नेटला तो आपोआप जोडला जातो."

मोबाईल थरथरला, म्हणजे जीव होता. तिकडे धुळ्यात, देवपूरच्या खोलीत बसून ज्योतीने त्या मोबाईलला जोडलेलं आपलं खातं उघडलं; त्यातून मोबाईल दुरूनही पुसता येतो. "थांब... दिसत नाही... आला! आला गं! पुसू?"

"विचारतेस काय, पुस!"

काळ्या स्क्रीनवर काहीच दिसेना. पुनमने मोबाईल दोन्ही हातांत धरला, पाखराचं पिल्लू धरावं तसा. क्षणभर काहीच नाही. मग तो एकदम थरथरला आणि शांत झाला.

"पुसायला लागला म्हणतंय!" ज्योती रडत होती की हसत होती, कळेना.

पुनम मोबाईल मांडीवर घेऊन निंबाखाली बसली. पुढे बराच वेळ मोबाईल गपगार होता. मग आतून नव्या मोबाईलसारखी धून वाजली, तेव्हा नवलनेच टाळी वाजवली.

"घे, आता खुशाल ने," ती म्हणाली. "पातेलं आमचं."

"आणि कार्ड?" ज्योतीने विचारलं.

"चावून मोडलं. थुंकले आत्ताच."

"पुनम! काय राक्षस आहेस गं!" ज्योती आता खरंच हसत होती. मग हळूच म्हणाली, "पाहुण्यांना मी सांगणार आहे. रविवारी, चहाच्या आधीच. पण मी सांगणार. माझ्या तोंडाने."

"सांग की. आणि तोंड वाकडं केलं त्यांनी तर?"

"तर चहा वाचला."