खिडकीबाहेरचा आरसा

कालव्याकाठच्या या घराचं संग्रहालय झालं, तेव्हापासून मी इथं राखणीला आहे. वरच्या खिडकीबाहेर एक छोटा आरसा तिरका बसवलाय. आतल्या खुर्चीत बसलं की खाली दारात कोण आलंय ते दिसतं. नको असलेलं माणूस असेल, तर दार उघडायचं नाही. आमच्या जुन्या घरांची रीतच ती.

खुर्चीत कोणी बसू नये म्हणून आता तिला दोरी लावलीय. तरी या आठवड्यात तीन पाहुण्यांनी तक्रार केली, की वर बसलेली म्हातारी त्यांच्याकडे बघून 'नको, नको' अशी मान हलवत होती.

तिकिटं देणारा मेन्नो दात काढत म्हणाला, "हिल्केबाई, तुम्हीच असणार. पाहुणे दिसले की तुमचं तोंड वाकडं होतंच!"

"गप रे! दिवसभर तुझ्याच तर डोळ्यांसमोर असते मी."

माझं डोकंच फिरलं. तरातरा वर गेले, दोरी काढली आणि खुर्चीत बसले. गादी उबदार होती, जणू कोणी आत्ताच उठून गेलं होतं.

आरशात बघितलं. खाली दारात मीच उभी होते, अंगात माझाच हिरवा कोट. घंटा वाजली. मला ओरडता येईना, उठताही येईना. फक्त मान हलत होती: नको, नको.

"अहो हिल्केबाई, बाहेर कधी गेलात? या आत," मेन्नोचा आवाज आला.

जिन्यावर माझी पावलं वाजली. ती आली आणि माझ्याकडे न बघता तिनं खुर्चीची दोरी पुन्हा लावली.