वाळवलेली टेप

वर्नाने सफरचंदं वाळवायच्या यंत्रातल्या मधल्या जाळ्या काढल्या आणि तिथे टेपचं रीळ आडवं ठेवलं. तापमान चोपन्न अंशांवर आणून झाकण लावलं. चाळीस वर्षांत टेपवरचा लेप दमटपणाने चिकट झाला होता. तशीच लावली असती तर लेप सोलून निघाला असता. सावकाश तापवली की काही दिवस वाजते. धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत वर्नाने आयुष्यभर ओलावाच मोजला होता.

“आता माझ्या सफरचंदांना तुमच्या त्या बँडचा वास येणार,” तिची भावजय लॉरेन म्हणाली.

“वास येण्यासारखाच होता तो बँड.”

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या भावाने, गार्थने, एका बोटाने टॅबवर काहीतरी लिहिलं. टॅबने ते बातम्या देणाऱ्या गृहस्थासारख्या सभ्य आवाजात वाचून दाखवलं. “वर्ना, तू महामूर्ख आहेस.”

लॉरेन हसली, पण टॅबकडे न बघता.

आजाराने गार्थचे स्नायू एकेक करून निकामी होत होते. उन्हाळ्यात वाचा गेली. बोलता येत होतं तोवर आवाज साठवून ठेव म्हणून सगळे सांगत होते. तो “बघू रे” म्हणत राहिला. जुनं दहा मिनिटांचं बोलणं मिळालं तरी टॅब त्याच्या आवाजात बोलू लागेल, असं इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं. साधं बोलणं हवं, ओरडणं नको. लग्नाच्या कॅसेटी रेड नदीच्या पुरात तळघरातच कुजल्या, आणि पुढे घरातले सगळे व्हिडिओ गार्थनेच काढले, स्वतः एक शब्द न बोलता. उरलं हे रीळ. ते वर्नाकडे होतं म्हणून वाचलं.

वर्ना बँडमध्ये कधीच नव्हती. विनिपेगच्या त्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात गार्थ धरून चार पोरं कोट न काढता पंक नावाचं धडाधड संगीत वाजवायची आणि ती ध्वनिमुद्रणाच्या उसन्या यंत्रापाशी मांडी घालून बसायची. गाणं जेमतेम मिनिटभराचं. त्यानंतर किती बँड ऐकले तिने, कानात अजून शिट्टी वाजते. पण ढोलाचा दणका बरगड्यांत पहिल्यांदा बसला तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी तिने टेप लावली.

पहिलं गाणं आलं तसं गार्थने डोळे मिटले. लॉरेन त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकून पुढे वाकून ऐकत होती. गाणं संपलं, टक् झालं, लगेच पुढचं सुरू. पुन्हा टक्.

“बोलतो कुठे हा?” लॉरेनने विचारलं.

 वर्नाचा अंगठा बटण दाबल्यासारखा आपोआप आत वळला होता. तेव्हा टेप महाग होती. गाणं संपलं की ती बटण दाबून यंत्र थांबवायची. मधली भांडणं, थट्टा, खोकला, काही तिने टेपवर जाऊ दिलं नव्हतं. गार्थने बोट दाखवलं की ती पुन्हा सुरू करायची, आणि तो मोजायचा. “एक, दोन, तीन, चार!” की सगळे तुटून पडायचे.

टेप संपली. सुटलेलं टोक फटफटत राहिलं.

“चारच आकडे?” लॉरेन म्हणाली.

“चारच.”

“त्यावरून नाही का होणार?”

“नाही गं.”

लॉरेन स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

गार्थचं बोट सावकाश हललं. “शेवटच्या गाण्याआधीचं मोजणं चांगलं आहे,” सभ्य आवाज म्हणाला. “तेवढंच वेगळं काढशील?”

“काढून काय करणार?”

तरी वर्नाने ते काढलं, आणि टॅबवर मोठं लाल बटण करून त्यात बसवलं.

त्या आठवड्यात वर्ना आली तेव्हा नर्स पर्लिता आणि लॉरेन गार्थला खुर्चीतून पलंगावर घेण्याच्या तयारीत होत्या. एक या बाजूला, एक त्या.

“चला गार्थ सर, मी मोजते. ए—”

गार्थने लाल बटण दाबलं.

“एक, दोन, तीन, चार!” वीस वर्षांचा पोरगा खोलीत ओरडला, इतक्या घाईने की दोघींचे हात जागच्या जागी राहिले.

“अहो सर, गाडी सुटतेय का तुमची?” पर्लिता म्हणाली.

लॉरेन हसली नाही. तिने पाय नीट रोवले, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याच्या बोटावर नजर ठेवली.

“पुन्हा,” ती म्हणाली.