मास्तरांच्या शर्टाची आतली शिवण

खरं सांगायचं तर डोकं वहिनींचं आणि हात तुफानचे. टेलर मास्तरांना आजार जडला, शिरेतून औषधाच्या बाटल्या चढायला लागल्या आणि माणूस बघता बघता निम्मा झाला. आरशात ढगळ शर्ट दिसला की त्यांचं तोंड उतरायचं, जेवण तसंच राहायचं. म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सगळे शर्ट गुपचूप दुकानात तुफानकडे आणून दिले. "जरा आत घे गं. त्यांना कळता कामा नये."

तुफान मास्तरांच्याच दुकानात शिलाई करायची. मशीन अशी पळवायची की हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिने शर्टांच्या दोन्ही बाजू आत घेतल्या. खांद्यांना हात लावला नाही, नाहीतर मास्तरांनी लगेच पकडलं असतं. आतलं जादा कापडही कापलं नाही, दुमडून इस्त्री मारली. अंग भरलं की उसवू, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

युक्ती लागू पडली. मास्तर खुलले, दुपारचे दुकानात येऊन बसू लागले, तिची चेष्टा करू लागले. कात्री मात्र धरत नव्हते. थकवा आहे, म्हणायचे, आणि कापायचं कामही तिच्याकडे सरकवायचे.

त्या दुपारी स्टुलावर टेकता टेकता ते म्हणाले, "उद्या मी दवाखान्यात जाणार नाही. आता बाटल्या बास झाल्या."

तुफानचा पाय मशीनवर जागच्या जागी थांबला. "असं काय करता मास्तर? एकही चुकवू नका, म्हणालेत ना डॉक्टर?"

"डॉक्टर काय, वजन घटलंय म्हणतात. हा शर्ट बघ. घटलेल्या माणसाला असा बसतो का? त्यांचा काटा चुकत असेल. शर्ट कशाला चुकेल?"

मारे भलं करायला गेलो आणि माणसाच्या जिवावर उठलो. सांगावं तर मास्तर पुन्हा ताट बाजूला सारतील, वहिनींना दिलेला शब्द मोडेल. न सांगावं तर उद्याची बाटली चुकेल. सुईत दोरा होताच, तरी तिने तो काढून परत ओवला. मास्तर आपले खिडकीबाहेर बघत गुणगुणत होते, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती.

शेवटी ती उठली. "मास्तर, रागवायचं ते नंतर रागवा," असं म्हणत तिने त्यांच्या शर्टाची कड उलटी केली आणि त्यांचं बोट धरून शिवणीवर ठेवलं. "बघा."

बोट शिवणीवरून खाली गेलं, परत वर आलं.

"काय बघू?"

हा माणूस डोळे मिटून कापडाची उलट-सुलट बाजू सांगायचा, अस्तराखालची गाठ शोधून काढायचा. इथे तर दुहेरी शिवण होती, दुमडलेल्या कापडाचा जाड पट्टा होता.

"मास्तर, तुम्हाला काही लागत नाही हाताला?"

त्यांनी चष्मा चढवला, मान वाकवली. शिवण दिसली तशी दुसरी बाजूही उलटून पाहिली.

"सगळ्या शर्टांना?"

"सगळ्या. वहिनींनी सांगितलं, पण केलं मी."

ते रागावले नाहीत. हात मांडीवर उपडे ठेवून बसले. "बोटं बधिर झालीत," ते म्हणाले. "औषधानं. घरी नाही सांगितलं, डॉक्टरांनाही नाही. वाटलं, बाटल्या बंद केल्या तर परत येतील. शर्टाचं आपलं निमित्त मिळालं. बोटं नसतील तर मी जगून काय करू, तूच सांग."

तिला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही. "ते मला नका विचारू. उद्या चला. बोटांचं तुम्ही सांगा, शर्टांचं मी सांगते. यावर काय करायचं ते डॉक्टरांना विचारू तरी."

मास्तरांनी शर्ट काढून टेबलावर पसरला. बनियनमधून फासळ्या दिसत होत्या. तुफानने नजर वळवली नाही.

"उसव," ते म्हणाले. "उद्या आहे तसाच दिसू दे त्यांना."

तिने टाके तोडले, दोऱ्याचं टोक मोकळं केलं. ते ओढायला मास्तरांनी चिमूट पुढे केली. दोरा निसटला. पुन्हा निसटला. तुफान हात मागे बांधून उभी राहिली. तिसऱ्यांदा त्यांनी टोक बघून बघून धरलं आणि ओढलं.

"सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "बटणं लावायला मला हल्ली वेळ लागतो."