पिवळ्या रेघेची नोंद

“कुंपण कुणी कापलं?”

मोजणीदार मागच्या पायरीवर उभे होते, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच.

बायकोने हातातली कात्री काही खाली ठेवली नाही. “मी. दुसरं कोण कापणार? पक्षीमंडळाचा माणूस दहाला येणार म्हणालात ना? त्याला काय हे रान दाखवायचं?”

त्या रानातच तर तो बसायचा. मुठीत मावेल एवढा, हिरवट, डोक्यावर पिवळी रेघ असलेला पक्षी. गेले तीन दिवस सकाळी सातच्या सुमाराला तो कुंपणाच्या दाट कोपऱ्यात येऊन किडे वेचत होता. पुस्तकातल्या नकाशात त्याचा मुलूख पार वर, बर्फाच्या डोंगरांत रंगवलेला. मोजणीदारांनी नकाशावर पट्टी लावून अंतर काढलं होतं. नऊशे किलोमीटर. एवढ्या लांबून चुकलेला जीव आपल्या दोन वाफ्यांच्या बागेत उतरला, याचं त्यांना कोण अप्रूप.

“फोटो का नाही काढला?” मुलाने फोनवर विचारलं होतं. खरं सांगायचं तर सुचलंच नाही. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला हात सवयीने टेपकडे गेला. पक्षी उडाल्यावर त्यांनी, त्याची चोच आणि शेपूट फांदीवरच्या ज्या दोन पानांशी होती, त्यांच्यातलं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं : लांबी साडेनऊ सेंटिमीटर.

त्यांच्या मापाला नोकरीत कुणी बोट लावलं नव्हतं. आणि गेल्या वर्षी याच मंडळाने त्यांची एक नोंद दोन ओळींत परत पाठवली. ‘निरीक्षकाची ओळखण्यात चूक झालेली दिसते.’ पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि घरातही दुधात माशी आहे म्हटलं तर आधी त्यांचाच चष्मा पुसून द्यायला लागले. म्हणून यंदा सात फोन करून त्यांनी माणूस बोलावला होता.

मंडळाचा तपासनीस पावणेअकराला आला. तिशीतला, गळ्यात भलामोठा कॅमेरा. बोडक्या कुंपणासमोर खुर्ची टाकून तो तासभर बसला. दोन चिमण्या येऊन गेल्या.

“काका, फोटो आहे का एखादा?”

“माप आहे.” मोजणीदारांनी वही पुढे केली.

त्याने ती नीट वाचली, एवढं मानायला हवं. “छान लिहिलंय. पण आमच्या फॉर्मात मापाला रकानाच नाही. आणखी कुणी पाहिला?”

“नाही.”

“मी पाहिला,” बायको दारातून म्हणाली. “आज सकाळी. कात्री लावली तसा आतून उडाला. मला आधी सुकलेलं पानच वाटलं, डोक्यावर पिवळं होतं ना.”

तपासनीस हसला. “काकू, तुम्ही काकांची बाजू घेणारच.” त्याने फॉर्मवर ‘असिद्ध’ लिहिलं, कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि चहाही न घेता गेला.

मोजणीदारांचा राग मात्र तिथेच राहिला. जिने शेवटचा पाहिला तिनेच हाकलला, आणि त्यावर शहाजोगपणे साक्ष द्यायची. दुपारी बायको दोनदा समोरून गेली, तरी त्यांचा पेपर खाली झाला नाही.

ऊन उतरल्यावर ते वही घेऊन तिच्यासमोर बसले.

“किती वाजता उडाला?”

“सात वाजून गेले होते. दूध नुकतंच उतरवलं होतं.”

“कुठल्या दिशेला?”

तिने रस्त्याकडे हात केला.

“दक्षिणेला,” मोजणीदार म्हणाले. “त्याचं घर वर आहे.”

“म्हणजे अजून लांब गेला?”

त्यांनी दिशा लिहिली, खाली रेघ मारली आणि वही तिच्याकडे वळवली. “साक्षीदार म्हणून सही कर. तारीख टाक.”

इतक्या वर्षांत त्यांच्या वहीत गावोगावच्या लोकांनी सह्या केल्या होत्या, तिने कधीच नाही. पदराला हात पुसून तिने सावकाश नाव लिहिलं. पेन तसंच धरून तिने विचारलं,

“कुंपण मी कापलं, हे पण लिहू?”

“लिही,” मोजणीदार म्हणाले. “झालं ते सगळं लिहायचं असतं.”

तिने तेही लिहिलं.